पाच शब्दांची चिठ्ठी: नागपूरच्या एका हिवाळी अधिवेशनाची सफर

नागपूरला जायचं तर डिसेंबरात जा, असं मी भेटेल त्याला सांगते. संत्री असतात, हवा अंगाला मानवते, आणि सरकार गावात आलेलं असतं. या तिसऱ्या कारणाला लोक हसतात. पण मी नागपूरला पहिल्यांदा गेले ती सरकार बघायलाच. तेही हातात अमेरिकेच्या सरकारची वकिली घेऊन! हसा खुशाल. त्या चार दिवसांत माझ्या हातून एक चूक झाली, तिचीच ही गोष्ट आहे. प्रवासाला उपयोगी पडेल अशी माहितीही मधेमधे येईल, म्हणजे अगदीच वेळ वाया गेला असं वाटायला नको.

ज्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला, त्या वर्षीचा, म्हणजे चौऱ्याहत्तरचा डिसेंबर. मी साताऱ्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय राज्यशास्त्र, आणि वक्तृत्वाच्या स्पर्धेत कुणाला हार जात नव्हते. आई म्हणायची, "जिभेला हाड नसतं हे मान्य, पण हिच्या तोंडाला कडीसुद्धा नाही." नागपूरच्या एका कॉलेजानं वादविवाद स्पर्धा ठेवली होती. मुद्दाम अधिवेशनाच्या दिवसांत, म्हणजे पाहुणे म्हणून आमदार आयते मिळतात. विषय होता, "भारताने अमेरिकेसारखी अध्यक्षीय राज्यपद्धती स्वीकारावी." मी बाजूनं बोलणार होते.

थोडक्यात सांगते, पुढे लागेल. आपल्याकडे मंत्री आमदारांमधूनच होतात. ते सभागृहात बसतात, तिथे उत्तरं देतात आणि सभागृहाचा विश्वास उडाला की सगळे मिळून घरी जातात. अमेरिकेत तसं नाही. तिथे राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, त्याचे मंत्री संसदेचे सदस्य असूच शकत नाहीत. तो संसद बरखास्त करू शकत नाही, संसद त्याला अविश्वासानं पाडू शकत नाही. दोन शेजारी, दोन स्वतंत्र घरं, आणि मधे कुंपण. पण संसदेच्या समित्या त्या कुंपणावरून हाक मारतात, मंत्र्याला आणि अधिकाऱ्यालाही समोर बसवतात, शपथ घालून विचारतात. त्या वर्षी अशाच चौकशांनी राष्ट्राध्यक्षांना जेरीला आणलं होतं. विसाव्या वर्षी माणसाला याहून जास्त काय हवं? मी अमेरिकेच्या प्रेमातच पडले होते.

बाबा म्हणाले, "एकटीला सोडणार नाही. मीही येतो. मेश्रामकडे उतरू."

मेश्राम काका म्हणजे बाबांचे कचेरीतले मित्र. मूळचे नागपूरचे, पण तीन वर्षं साताऱ्याला बदलीवर होते. दोघांचं टेबल एक, डबा एक. मला सायकल काकांनी शिकवली. मागून धरून पळायचे आणि "धरलं आहे वं, धरलं आहे" म्हणत कधी सोडून द्यायचे ते कळायचं नाही. पुढे त्यांची बदली परत नागपूरला झाली, एका खात्याच्या विभागीय कचेरीत. खातं कोणतं ते सांगत नाही. एकदा सांगून बसले आहे, तेवढं पुरे.

साताऱ्याहून एस.टी.नं पुणं, आणि पुण्याहून दुपारची गाडी. दुसऱ्या वर्गाचा लाकडी बाक, दौंड, मनमाड, भुसावळ, आणि सकाळी डोळे उघडले तर खिडकीबाहेर काळी, सपाट जमीन. डोंगर शोधूनही सापडेना. साताऱ्याच्या माणसाला डोंगराशिवाय उघडं उघडं वाटतं. शेगावला कचोरी घेतली, ती प्लॅटफॉर्मवर उतरून गरम असतानाच खायची, डब्यात नेऊन ठेवायची नाही. आमच्या समोर दोन गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या पायाशी लाल फडक्यात बांधलेले फाइलींचे गठ्ठे. मुंबईच्या मंत्रालयातले. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "बायको विचारते, थंड हवेला चाललात का? म्हटलं, हो, कामकाज तापलं तर तेवढीच थंडी." दरवर्षी अख्खं सरकार असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन नागपूरला येतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. बिऱ्हाडाला दोऱ्या असतात हे तिथे पाहिलं.

स्टेशनवर काका मफलर गुंडाळून उभे होते. बाबांना त्यांनी मिठी मारली आणि मला आपादमस्तक न्याहाळलं.

"काहून वं सुमी, सायकल चालवून राहिली का सोडली?"

"चालवते की काका. कॉलेजात सायकलनंच जाते."

"मंग झालं. बाकी तू काय शिकून राहिली ते नंतर पाहू."

दोन सायकलरिक्षा केल्या. रस्त्यांना नवं डांबर, दुभाजकांना ताजा चुना, चौकाचौकांत पोलीस. सिव्हिल लाइन्सकडे जाणाऱ्या रस्त्यावर गावोगावच्या कोतवालांचा मोर्चा निघाला होता, घोंगड्या खांद्यावर टाकून. काकांची रिक्षा पुढे होती, ते मागे वळून ओरडून सांगत होते, हे काय, ते काय. इंदोऱ्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. दारात काकू उभ्या होत्या, हाताला पीठ.

"या बाप्पा, या. सरकारही आलं, तुम्हीही आले. सरकार दरसाल आमच्या इकडे हुरडा खायले येते. तुम्ही कायले आले?"

"अमेरिका आणायला," बाबा म्हणाले.

"आणा बावा. जागा करू थोडी."

काकूंच्या हातची मटक्यावरची पोळी ही नागपूरला जायचं चौथं कारण. उलट्या मडक्यावर हातभर लांबीची पोळी टाकतात, पातळ, रुमालासारखी घडी पडते. आजही तिकडे गेलात तर हॉटेलच्या पाटीवर भुलू नका, घरगुती खानावळ विचारा आणि पोळी समोर करतात का ते बघा. बरोबर पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता. तिखटानं माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तशी काकूंनी शांतपणे संत्रं सोलून हातात दिलं. संत्र्याची सालं चुलीच्या कडेला वाळत होती. तो वास मला अजून कुठेही आला की मी क्षणभर इंदोऱ्यात असते.

पुढच्या खोलीत फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि तिच्या शेजारी खाकी कव्हर घातलेलं एक जाड पुस्तक. काका-काकू छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांपैकी. पुस्तक घटनेचं होतं. काकांनी ते हात धुऊन उघडलं, कलम एकशे चौसष्ट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, असं त्यात आहे.

"लिहिणाऱ्यायनं अमेरिका पाहिली नव्हती असं नाही, सुमी. पाहिली, तपासली आन् ठेवून देल्ली. त्यायनं म्हटलं, मंत्र्याले रोजच्या रोज जबाब द्या लागला पायजे. अमेरिकेत चार वर्षांनं."

"रोजच्या रोज काय जबाब देतात काका? 'प्रश्न उद्भवत नाही'?"

काका हसले. पण ते हसणं थोडं आखूड पडलं. मग जेवताना त्यांनी आम्हाला त्यांचं त्या महिन्यातलं काम सांगितलं, कारण बाबांनी विचारलं होतं, आणि दोन कारकून भेटले की दुसरं काय बोलणार?

आमदार ज्याचं सभागृहात तोंडी उत्तर मागतो तो तारांकित प्रश्न, आणि त्याची एक ठरलेली घडण असते. पहिला भाग, "हे खरे आहे काय की" अमुकतमुक. दुसरा, "असल्यास" काय केले? तिसरा, "नसल्यास, विलंबाची कारणे काय?" सभागृहात मंत्री वाचतो ते उत्तर मंत्री लिहीत नाही. ते खालून येतं, काकांसारख्या कारकुनाच्या टेबलावरून.

"पयल्या भागाले उत्तरं तीनच," काका बोटांवर मोजत म्हणाले. "होय. हे खरे नाही. नाहीतर अंशतः खरे आहे. पयल्याले 'हे खरे नाही' लिहिलं का बाकी साऱ्यायले एकच पुरते, 'प्रश्न उद्भवत नाही'. अर्धी कचेरी त्याच्यावर जगून राहिली."

"आणि ह्या खेपेला?" बाबांनी विचारलं.

ह्या खेपेला एक प्रश्न आला होता. चांदा जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला, नदीपलीकडच्या एका गावच्या दवाखान्यात वर्षभर डॉक्टर नाही, हे खरे आहे काय? काका स्वतः मागे एकदा तपासणीला बैलगाडीनं तिथे जाऊन आले होते. दाराला कुलूप होतं आणि कुलपावर कोळ्यानं जाळं केलं होतं. डॉक्टरची नेमणूक कागदावर तिथे होती, माणूस जिल्ह्याच्या गावी बसत होता. काकांनी मसुद्यात लिहिलं, "होय." साहेबांनी त्यावर लाल पेन्सिलीची रेघ मारली आणि लिहिलं, "हे खरे नाही. पद भरलेले आहे."

"साहेबाचंही खोटं नाही ना," काका म्हणाले. "पद भरलेलंच आहे."

मी घास हातात धरून बसले होते. "काका, तुम्ही अमेरिकेत असता तर समितीनं तुम्हालाच समोर बोलावलं असतं. शपथेवर. मधे साहेब नाही, मंत्री नाही."

"आन् मी काय सांगतलं असतं वं? इंग्रजीत?" काकू खो खो हसल्या, आणि विषय वांग्याच्या भरतावर गेला.

सभागृहात सांगेपर्यंत उत्तर बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, हा नियम त्या दोघा मित्रांच्या इतका अंगवळणी पडला होता की मला वेगळं सांगावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. पोराला चुलीला हात लावू नको म्हणून एकदा सांगतात, विसाव्या वर्षी कोण सांगतं?

दुसऱ्या दिवशी स्पर्धा. बाबा सकाळीच इतवारीत गेले, आईसाठी पाणी भरायचा पितळेचा गुंड आणायला. इतवारी आजही तशीच आहे, हातगाड्या, टेम्पो आणि माणसं यांतून वाट काढायची तर अंग चोरून चालावं लागतं. भांडी हवी असतील तर तिथेच घ्या, पण दुपारच्या आत जा आणि वजन समोर करून घ्या. मला काकांनी कॉलेजाच्या दारात सोडलं आणि ते कचेरीत गेले.

सभागृह गच्च भरलेलं. पुढच्या रांगेत विरोधी बाकांवरचे एक वयस्क आमदार प्रमुख पाहुणे म्हणून बसलेले, शुभ्र धोतर, जाड भिंगांचा चष्मा. माझा नंबर सातवा. पहिली तीन मिनिटं मी पाठ केलेलं बोलले, सत्तेचं विभाजन, नकाराधिकार, महाभियोग. लोक शिष्टपणे ऐकत होते. टाळी नाही. मग मला काकांचा चेहरा आठवला, लाल पेन्सिलीची रेघ सांगतानाचा, आणि मी कागद खाली ठेवला.

"अमेरिका दूर राहू द्या," मी म्हणाले. "याच शहरात, या घटकेला, एका कचेरीत एका कारकुनानं 'होय' लिहिलं आहे आणि त्याच्या साहेबानं ते खोडून 'हे खरे नाही' केलं आहे. चांद्याच्या टोकाला नदीपलीकडे एका दवाखान्याला कुलूप आहे, कुलपावर कोळ्याचं जाळं आहे, आणि तरी कागदावर पद भरलेलं आहे! ज्याला खरं माहीत आहे तो सभागृहात बोलू शकत नाही, आणि जो बोलतो त्याला खरं माहीत नाही. अमेरिकेत हा कारकून समितीपुढे शपथेवर बसला असता."

टाळ्या थांबेनात. पहिलं बक्षीस मला मिळालं, हातभर उंचीचा चकचकीत कप. आमदारसाहेबांनी तो माझ्या हातात देताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्याकडे कुठल्याही परगावच्या पोरीला विचारतात तेच विचारलं.

"छान बोललीस बाळ. नागपुरात कुणाकडे उतरलीस?"

आपल्याकडे या प्रश्नाला माणूस कधी आखडतं उत्तर देतो का? आपण गाव, घराणं, नातं, सगळं सांगतो.

"इंदोऱ्याला, मेश्राम काकांकडे," मी म्हणाले, आणि वर त्यांच्या कचेरीचं नावही सांगून टाकलं. "बाबांचे जुने स्नेही आहेत. बाबाही आलेत."

आमदारांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उद्या सभागृहात ये," ते म्हणाले. "तुला आणि वडिलांना पास देतो. प्रश्नोत्तराचा तास बघ. अमेरिकेत जाऊन सांगायला होईल."

मी वाऱ्यावर तरंगतच घरी आले. पाचच्या सुमाराला काका कचेरीतून आले, बाबा गुंड घेऊन आले, आणि मी कप मधोमध ठेवून सगळं साग्रसंगीत सांगितलं. अभिनयासकट. मी कुलपावरचं जाळं सांगत असताना बाबांनी हातातला गुंड खाली ठेवला. "कुणाकडे उतरलीस" वर आल्यावर काकू पदराला हात पुसायच्या थांबल्या.

"सुमे," बाबा म्हणाले, "तू नाव सांगितलंस?"

तेव्हा मला कळलं. उत्तर सभागृहाआधी बाहेर फुटणं हा सभागृहाचा अवमान, आणि फोडणारा कारकून सापडला तर तो साहेबाच्या तावडीत. काकांना नव्या वर्षात बढती मिळायची होती, यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. नोकरीवर आलं नाही तरी बढती गेलीच, आणि बदली कुठे होईल ते साहेब ठरवणार. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडायला लागले.

"रडून काय होते वं," काकू म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "ऊठ, तोंड धू."

काकांनी मफलर काढून खुंटीला टांगला. मग त्यांनी विचारलं, "तू तिथं खोटं काही सांगतलं का?"

"नाही."

"मंग झालं." ते उठले, अंगणात गेले आणि सायकल पुसायला लागले. एकेक तार पुसत होते. मी दारात उभी राहून बघत होते.

विधान भवन आवडावं असं आहे, इंग्रजी अमदानीतली प्रशस्त इमारत, भोवती मोठाली झाडं. पास आजही आमदाराच्या शिफारशीनं मिळतो, ओळखपत्र न्या, पिशवी नेऊ नका. मी आणि बाबा प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलो. समोर खाली सदस्य, आणि एका बाजूला अधिकाऱ्यांची गॅलरी. तिथे साहेब बसले होते, आणि त्यांच्या मागे मांडीवर फाइली घेऊन काका.

मी सगळं सभागृह सोडून त्या गॅलरीकडेच बघत होते. कोणताही मंत्री उत्तराला उभा राहिला की त्याचा एक हात मागे जाई. अधिकारी चिठ्ठी लिहीत, पट्टेवाला ती नेऊन त्या हातात देई, मंत्री वाचून बोलत. मी आदल्या दिवशी गावभर सांगितलं होतं की खरं माहीत असणारा तिथे बोलू शकत नाही. तो चिठ्ठीतून बोलतो, हे मला ठाऊक नव्हतं.

तो प्रश्न आला. मंत्र्यांनी वाचलं, "हे खरे नाही. पद भरलेले आहे. प्रश्न उद्भवत नाही." बाबांनी माझा हात घट्ट धरला. मला कप देणारे ते आमदार उपप्रश्नाला उभे राहिले.

"अध्यक्ष महोदय, कचेरीतल्या मूळ मसुद्यात याचं उत्तर 'होय' असं होतं, हे खरे आहे काय?"

एकदम गलका झाला. एकीकडून "शेम", दुसरीकडून "पुरावा द्या". साहेबांची मान सावकाश मागे वळली आणि काकांवर येऊन थांबली. मला वाटलं, गॅलरीवरून ओरडावं, त्यांचा दोष नाही, मी सांगितलं.

अध्यक्षांनी घंटा वाजवली. "मसुदा राहू द्या. त्या दवाखान्यात डॉक्टर आहे की नाही, एवढंच मंत्रिमहोदयांनी सांगावं."

मंत्र्यांचा हात मागे गेला. साहेब घाईघाईनं फाइल चाळत होते, त्यांना कागद सापडत नव्हता. हात तसाच मागे होता. अख्खं सभागृह त्या हाताकडे बघत होतं. मग काकांनी खिशातलं पेन काढलं, गुडघ्यावर एक ओळ लिहिली आणि पट्टेवाल्याच्या हातात दिली. साहेबांनी मान वर केली तोवर चिठ्ठी खाली पोचली होती.

मंत्र्यांनी चष्मा लावला आणि आधी मनात न वाचता सरळ मोठ्यानं वाचली.

"पद भरले आहे. डॉक्टर नाही."

हशा झाला. मग तो विरला, कारण मंत्री हसत नव्हते. ते त्या कागदाकडे बघत उभे होते. त्यांचं मला आजही कौतुक वाटतं. त्यांना गोलमाल बोलून बसता आलं असतं. ते म्हणाले, "अध्यक्ष महोदय, पंधरा दिवसांत डॉक्टर तिथे जाऊन राहतील. मी सभागृहाला तसं आश्वासन देतो." खाली लघुलेखकांनी ते टिपून घेतलं. सभागृहात दिलेलं आश्वासन पाळलं की नाही हे बघायला आमदारांची एक समिती असते, ही माहिती मला बाबांनी कानात पुरवली. सगळं मिळून आठेक मिनिटांत उरकलं असेल.

अमेरिकेत मंत्री त्या सभागृहात नसताच. समितीनं बोलावलं असतं, तारीख ठरली असती, काका शपथेवर बसले असते आणि कदाचित सुखरूप घरी गेले असते. इथे मंत्री समोर उभा होता, पळून जायला जागा नव्हती, म्हणून डॉक्टर मिळाला. पण ज्यानं लिहिलं त्याला आडोसा नव्हता. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी दिसल्या आणि कोणत्या बाजूनं बोलावं ते कळेना, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

बाहेर काका आले. साहेब त्यांच्याकडे न बघता बाजूनं निघून गेले. काकांनी मफलर नीट केला आणि म्हणाले, "चला, संत्री घ्याची राहिली." सीताबर्डीला व्हरायटी चौकाजवळ त्यांनी आमच्यासाठी एक करंडी निवडली, एकेक फळ हातात घेऊन, देठ बघून. मी दोनदा बोलायला गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी मला संत्र्याची फोड खायला दिली.

निघताना मी कप फळीवर, बुद्धाच्या शेजारी ठेवला होता. काका स्टेशनवर येताना तो फडक्यात गुंडाळून घेऊन आले.

"मला नको काका. मी तो तुमच्या जिवावर मिळवला."

"अर्धा माहा आहेच," ते म्हणाले. "माहा अर्धा तुह्यापाशी राहू दे."

गाडी सुटली तेव्हा ते काही पावलं खिडकीबरोबर चालले. मग थांबले, सायकल सोडून द्यायचे तसे.

साताऱ्याला आल्यावर पाच वेळा फाडून सहाव्यांदा मी त्यांना पत्र लिहिलं. मला माफ कराल का, एवढंच विचारलं होतं. मार्चमध्ये बाबांना कचेरीतून कळलं की बढतीच्या यादीतून काकांचं नाव गेलं आणि त्यांची बदली चांद्याच्या टोकाला झाली, त्याच दवाखान्यापासून दोन कोसांवर. साहेबांना विनोदबुद्धी असावी. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं.

पुढे मी नागरिकशास्त्राची शिक्षिका झाले. संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतींतला फरक किती वर्षं शिकवला ते मोजलं नाही. मुलं विचारायची, "बाई, चांगली कोणती?" मी सांगायचे, ज्या पद्धतीत कुलूप उघडतं ती, आणि उघडणाऱ्याचं काय होतं तेही विचारत जा. नागपूरला मी नंतर कितीदा तरी गेले. मेट्रो आली, विमानतळापलीकडे मिहानकडचे रस्ते ओळखू येईनासे झाले, संत्र्याची बर्फी सुबक खोक्यात मिळायला लागली. घ्या, चांगली असते. पण इंदोऱ्यातल्या त्या दोन खोल्या आता नाहीत, आणि काका-काकूही नाहीत. अर्ध्या मालकीचा कप माझ्या कपाटात आहे, दर डिसेंबरात चिंचेनं घासते.

आणि एक पत्र आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात आलेलं, कचेरीच्या वळणदार अक्षरातलं. ते जसंच्या तसं देते.

"तारांकित प्रश्न.

(१) हे खरे आहे काय की, श्री. मेश्राम यांची बदली झाल्यामुळे ते व त्यांची पत्नी दुःखी आहेत?

अंशतः खरे आहे. पत्नी आहे. तिचे पोळीचे मटके प्रवासात फुटले.

(२) हे खरे आहे काय की, नदीपलीकडच्या दवाखान्यात डॉक्टर आले आहेत?

होय. मागील आठवड्यात मला ताप आला असता त्यांनीच औषध दिले. डॉक्टर तरुण असून त्यांना येथे करमत नाही, परंतु ते आहेत.

(३) हे खरे आहे काय की, साताऱ्याच्या एका मुलीने बोलू नये ते बोलल्यामुळे हे घडले?

होय.

(४) असल्यास, सदर मुलीस माफ करण्यात आले आहे काय?

प्रश्न उद्भवत नाही."